शिकागोचा मनोरा आणि कर्नल मॅकॉर्मिक

अमेरिकेतील शिकागो शहरात नॉर्थ मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर, नदीच्या उत्तर काठाजवळ, ट्रिब्यून टॉवर ही ३६ मजली इमारत उभी आहे. रस्त्याने जाणाऱ्याचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर तिच्या बाह्य भिंतींत जगभरातील प्रसिद्ध वास्तूंचे सुमारे दीडशे तुकडे बसवलेले आहेत. अथेन्सच्या पार्थेनॉनचा दगड तेथे आहे, चीनच्या भिंतीचा आहे आणि पॅरिसच्या नोत्र दामचाही. आग्र्याच्या ताजमहालाचा एक छोटासा अंशही त्यांच्याच पंक्तीला आहे. कामानिमित्त शिकागोला जाणारा एखादा भारतीय त्या तुकड्याखालचे नाव वाचून क्षणभर थबकतो आणि हा दगड येथे कोणी आणि कशासाठी आणला, असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो.

या प्रश्नाचे उत्तर रॉबर्ट रदरफर्ड मॅकॉर्मिक या नावापाशी येऊन थांबते. शिकागो ट्रिब्यून या दैनिकाचे मालक, संपादक आणि प्रकाशक असलेल्या मॅकॉर्मिक यांना सारे शहर कर्नल म्हणून ओळखत असे. त्यांनी वृत्तपत्रासाठी राजवाड्यासारखी कचेरी बांधली, कागदासाठी गिरण्या उभारल्या आणि कागद वाहून आणण्यासाठी स्वतःची जहाजेही ठेवली. राष्ट्राध्यक्षांशी त्यांनी उघड वैर केले. त्यांच्या राजकीय मतांपैकी बरीचशी काळाच्या ओघात मागे पडली. मात्र मुद्रणस्वातंत्र्यासाठी त्यांनी पदरचा पैसा खर्चून लढवलेल्या एका खटल्याचा निकाल अमेरिकेच्या सीमा ओलांडून थेट भारताच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत आला. दगड गोळा करणाऱ्या या माणसाची ती खरी कमाई होती.

घराण्याचा वारसा

मॅकॉर्मिक यांचा जन्म ३० जुलै १८८० रोजी शिकागो येथे झाला. त्यांच्या दोन्ही घराण्यांनी या शहराच्या इतिहासावर आपला ठसा उमटवला होता. वडिलांकडून ते पीक कापणीच्या यंत्रामुळे जगप्रसिद्ध झालेल्या सायरस मॅकॉर्मिक यांच्या कुळातील होते. आईचे वडील जोसेफ मेडिल हे शिकागो ट्रिब्यूनचे सूत्रधार. अब्राहम लिंकन यांच्या उमेदवारीमागे आपल्या वृत्तपत्राचे बळ उभे करणारे मेडिल १८७१च्या भीषण अग्निकांडानंतर शहराचे महापौर झाले होते. राखेतून उभ्या राहणाऱ्या शहराच्या आणि त्या शहराच्या वृत्तपत्राच्या गोष्टी ऐकतच नातवाचे बालपण गेले.

वडील रॉबर्ट सँडरसन मॅकॉर्मिक परराष्ट्र सेवेत होते. त्यांची नेमणूक लंडनच्या दूतावासात झाल्याने मुलाचे प्राथमिक शिक्षण इंग्लंडमधील निवासी शाळेत झाले. इंग्रजी वळणाच्या त्या शाळेत शिकलेला हा मुलगा पुढे ब्रिटिश साम्राज्याचा अमेरिकेतील सर्वांत कडवा टीकाकार ठरला. मायदेशी परतल्यावर ग्रोटन या प्रतिष्ठित शाळेत त्यांचे शिक्षण झाले. फ्रँकलिन रूझवेल्ट हेही त्याच शाळेचे त्याच काळातील विद्यार्थी. शाळेच्या एकाच आवारात वावरलेल्या या दोघांचे पुढील आयुष्यभर कधीही जमले नाही. १९०३ मध्ये येल विद्यापीठाची पदवी घेऊन मॅकॉर्मिक यांनी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात कायद्याचा अभ्यास केला.

तरुणपणी वृत्तपत्राचा ध्यास त्यांनी घेतलेला नव्हता. त्यांचा ओढा राजकारणाकडे होता. १९०४ मध्ये ते शिकागोच्या नगर परिषदेवर निवडून आले आणि पुढच्याच वर्षी शहराच्या सांडपाणी व्यवस्थेचा कारभार पाहणाऱ्या सॅनिटरी डिस्ट्रिक्टचे अध्यक्ष झाले. पिण्याचे पाणी दूषित होऊ नये म्हणून शिकागोने आपल्या नदीचा प्रवाह १९०० मध्ये मिशिगन सरोवराकडून उलट दिशेला वळवला होता. त्या प्रचंड कालव्यांच्या जाळ्याचा कारभार पंचविशीतल्या या तरुणाकडे आला. मोठी कामे वेळेत उरकण्याची आणि यंत्रसामग्रीचा हिशेब स्वतः पाहण्याची सवय त्यांना तेथेच लागली.

वृत्तपत्राची धुरा

१९१० मध्ये ट्रिब्यूनचा कारभार पाहणारे त्यांचे मावसोबा रॉबर्ट पॅटरसन यांचे निधन झाले आणि वृत्तपत्र प्रतिस्पर्ध्याला विकून टाकण्याचा विचार पुढे आला. मॅकॉर्मिक आणि त्यांचे मावसभाऊ जोसेफ मेडिल पॅटरसन यांनी तो हाणून पाडला. १९११ मध्ये मॅकॉर्मिक कंपनीचे अध्यक्ष झाले. या दोन मावसभावांचे स्वभाव एकमेकांच्या अगदी विरुद्ध होते. पॅटरसन यांना सामान्य वाचकाच्या आवडीनिवडीची अचूक जाण होती, तर मॅकॉर्मिक यांना यंत्रे, कागद, पैसा आणि कायदा यांची. काही काळ दोघांनी संपादकपद आळीपाळीने सांभाळले. पुढे पॅटरसन यांनी १९१९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डेली न्यूज हे छोट्या आकाराचे सचित्र दैनिक काढले आणि कालांतराने शिकागोचा कारभार एकट्या मॅकॉर्मिक यांच्या हाती आला.

वृत्तपत्राची मान कागदाच्या व्यापाऱ्यांच्या हाती असते, हे त्यांनी लवकर ओळखले होते. म्हणून कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात थोरोल्ड येथे त्यांनी कंपनीची स्वतःची कागद गिरणी उभारली. पुढे १९३०च्या दशकात क्युबेकच्या निर्जन किनाऱ्यावर बे-कोमो येथे दुसरी गिरणी निघाली आणि तिच्याभोवती एक संपूर्ण गाव वसले. जंगलातील झाडापासून वाचकाच्या दारात पडणाऱ्या अंकापर्यंतची सारी साखळी त्यांनी एका कंपनीच्या ताब्यात आणली. १९२४ मध्ये वृत्तपत्राने स्वतःचे नभोवाणी केंद्रही सुरू केले. आपण जगातील सर्वश्रेष्ठ वृत्तपत्र असल्याची बिरुदावली ट्रिब्यून स्वतःच मिरवत असे आणि त्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरेच या केंद्राला नाव म्हणून देण्यात आली. नम्रता हा कर्नलसाहेबांचा गुण नव्हताच.

युद्धभूमीवरचा दगड

पहिल्या महायुद्धाच्या प्रारंभीच, १९१५ मध्ये, मॅकॉर्मिक युद्धवार्ताहर म्हणून युरोपात गेले. वडील काही काळ रशियात राजदूत राहिलेले असल्याने झारच्या दरबाराचे दरवाजे त्यांच्यासाठी उघडले आणि रशियन सैन्याबरोबर फिरून त्यांनी त्या अनुभवावर पुस्तक लिहिले. याच दौऱ्यात तोफगोळ्यांनी उद्ध्वस्त झालेल्या एका मध्ययुगीन चर्चच्या अवशेषांतून त्यांनी दगडाचा एक तुकडा उचलून घेतला. पुढे भिंतीत बसवल्या गेलेल्या त्या प्रसिद्ध संग्रहाचा प्रारंभ असा युद्धाच्या ढिगाऱ्यातून झाला.

अमेरिका युद्धात उतरल्यावर ते गणवेशात फ्रान्सला गेले आणि पहिल्या डिव्हिजनच्या तोफखान्यात दाखल झाले. १९१८ मध्ये याच डिव्हिजनने काँतिन्यी हे गाव जिंकून अमेरिकी सैन्याची पहिली मोठी चढाई यशस्वी केली होती. कर्नलच्या हुद्द्यावर ते परतले आणि तो हुद्दा त्यांच्या नावाला कायमचा चिकटला. शिकागोजवळच्या व्हीटन येथील आपल्या वाडीलाही त्यांनी काँतिन्यी हेच नाव दिले. आयुष्यभर त्यांनी सैनिकी शिस्तीचा आणि त्याबरोबरच युरोपच्या भांडणांविषयीच्या तिटकाऱ्याचा वारसा जपला. हा तिटकारा पुढे त्यांच्या राजकारणाचा गाभा झाला.

एक लाख डॉलरची स्पर्धा

१० जून १९२२ रोजी शिकागो ट्रिब्यूनला ७५ वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने नव्या मुख्य कचेरीच्या आराखड्यासाठी मॅकॉर्मिक आणि पॅटरसन यांनी जागतिक स्पर्धा जाहीर केली. बक्षिसांची एकूण रक्कम एक लाख डॉलर होती आणि जगातील सर्वांत सुंदर कार्यालयीन इमारत उभारण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. २३ देशांतून अडीचशेहून अधिक आराखडे आले. जर्मनीचे वॉल्टर ग्रोपियस यांनी काचेची आणि अलंकारविरहित इमारत सुचवली. ऑस्ट्रियाचे अडोल्फ लूस यांनी चक्क एका महाकाय ग्रीक स्तंभाच्या आकाराची कचेरी काढून पाठवली. फिनलंडचे एलिएल सारिनेन यांचा आराखडा अगदी अखेरच्या घटकेला पोहोचला. पाच जणांच्या परीक्षक मंडळात वास्तुविशारद एकच होते. उरलेले चौघे वृत्तपत्राचे, आणि त्यांत स्वतः मॅकॉर्मिक व पॅटरसन.

५० हजार डॉलरचे पहिले बक्षीस न्यूयॉर्कचे जॉन मीड हॉवेल्स आणि रेमंड हूड यांना मिळाले. त्यांनी पोलादी सांगाड्याच्या आधुनिक इमारतीला मध्ययुगीन गॉथिक चर्चचे रूप दिले होते. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस किंवा राजाबाई मनोरा पाहिलेल्या मराठी माणसाला टोकदार कमानींची ही गॉथिक शैली परकी वाटणार नाही. शिकागोत मात्र ती ४६२ फूट उंचीपर्यंत नेण्यात आली. माथ्याशी इमारत आत सरकते आणि मधल्या अष्टकोनी भागाला चहूबाजूंनी दगडी आधारकमानी वेढतात. फ्रान्समधील रूआँ येथील चर्चच्या प्रसिद्ध बटर टॉवरची ही छाया आहे. मूळ चर्चमध्ये अशा कमानी भिंतींचा भार पेलत. येथे भार पोलादावर आहे आणि कमानी केवळ शोभेपुरत्या आहेत.

टीकाकारांनी याच मुद्द्यावर बोट ठेवले. गगनचुंबी इमारतींचे आद्य शिल्पकार मानले गेलेले शिकागोचेच लुई सलिव्हन यांनी या निवडीवर कठोर टीका केली आणि दुसरा क्रमांक मिळालेल्या सारिनेन यांच्या आराखड्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली. त्या न बांधलेल्या इमारतीचा प्रभाव पुढे अमेरिकेतील कित्येक बांधलेल्या इमारतींवर दिसून आला. खुद्द हूड यांनीही अल्पावधीत गॉथिकचा त्याग केला. अवघ्या काही वर्षांत त्यांनी पॅटरसन यांच्या डेली न्यूजसाठी न्यूयॉर्कमध्ये जी इमारत बांधली, तिच्यात कमानींचा मागमूसही नव्हता.

मॅकॉर्मिक यांच्यावर या टीकेचा परिणाम झाला नाही. १९२५ मध्ये इमारत पूर्ण झाली आणि वरच्या मजल्यावरील दालनातून ते शहराकडे पाहू लागले. आपल्या परदेशी वार्ताहरांना त्यांनी जगातील ऐतिहासिक स्थळांचे दगड सन्मार्गाने मिळवून पाठवण्याची आज्ञा केली. प्रवेशद्वारावरील दगडी जाळीत इसापनीतीतील प्राणी कोरले गेले. त्यांच्या सोबतीला भुंकणारा कुत्रा आणि रॉबिन हूड यांच्या आकृतीही दिसतात. हॉवेल्स आणि हूड या आडनावांवरची ती शाब्दिक कोटी आहे. आतल्या उंच दालनाच्या भिंतींवर मुद्रणस्वातंत्र्याचा पुरस्कार करणारी थोरांची वचने कोरली गेली. या वचनांशी कर्नलसाहेबांचे नाते शोभेपुरते नव्हते. त्यांनी त्यासाठी न्यायालयाच्या पायऱ्या वारंवार चढल्या होत्या.

न्यायालयातील लढे

पहिला धडा हेन्री फोर्ड यांनी दिला. १९१६ मध्ये एका अग्रलेखात ट्रिब्यूनने या मोटारसम्राटाला अराजकवादी ठरवले आणि फोर्ड यांनी दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. १९१९ मध्ये मिशिगनमधील एका छोट्या गावात हा खटला अनेक आठवडे चालला. फोर्ड जिंकले, पण ज्युरींनी त्यांना भरपाई दिली ती अवघ्या सहा सेंटची. त्यानंतर शिकागोचे महापौर विल्यम हेल थॉम्पसन यांच्या काळात शहर प्रशासनानेच वृत्तपत्रावर एक कोटी डॉलरचा दावा लावला. शहराच्या आर्थिक स्थितीवर टीका केल्याने शहराची पत घसरली, असा त्यांचा आरोप होता. १९२३ मध्ये इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा दावा फेटाळला. शासनावरील टीकेबद्दल शासनानेच नागरिकाकडून अब्रूची भरपाई मागणे लोकशाहीत बसत नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले आणि चार दशकांनंतर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्याचा आधार घेतला.

हे दोन्ही लढे स्वतःच्या वृत्तपत्रासाठी होते. तिसरा मात्र वेगळा होता. मिनेसोटा राज्याने १९२५ मध्ये एक कायदा केला. बदनामीकारक मजकूर छापणारे नियतकालिक सार्वजनिक उपद्रव ठरवून कायमचे बंद करण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला. १९२७ मध्ये मिनियापोलिसमधील सॅटर्डे प्रेस हे साप्ताहिक जेमतेम नऊ अंक निघाल्यावर या कायद्याखाली बंद करण्यात आले. जे नियर हे त्याचे प्रकाशक. शहरातील गुन्हेगारी टोळ्या आणि पोलीस यांचे साटेलोटे ते छापत, पण त्याचबरोबर ज्यू समाजाविषयी अत्यंत विखारी आणि निंद्य मजकूरही छापत. प्रतिष्ठित वृत्तपत्रांनी अशा पत्राला उंबऱ्यावरही उभे केले नसते.

नियर यांनी मदतीसाठी शिकागोकडे हात पसरले आणि मॅकॉर्मिक यांनी तो धरला. अमेरिकेच्या वृत्तपत्र प्रकाशक संघटनेच्या मुद्रणस्वातंत्र्य समितीचे ते अध्यक्ष होते. आज एका बदनाम साप्ताहिकाला लावलेले कुलूप उद्या कोणत्याही वृत्तपत्राच्या दाराला लागू शकते, हे त्यांना उमगले होते. खटल्याचा खर्च ट्रिब्यूनने उचलला आणि त्यांचे वकील वेमाउथ कर्कलंड सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. १ जून १९३१ रोजी पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने निकाल लागला. सरन्यायाधीश चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनी मिनेसोटाचा कायदा घटनाबाह्य ठरवला. छापून आलेल्या मजकुराबद्दल नंतर शिक्षा होऊ शकते, परंतु काही अपवाद वगळता छापण्यापूर्वीच तोंड बंद करण्याचा अधिकार शासनाला नाही, हा त्याचा सारांश होता. ह्यूज यांच्या निकालपत्रातील उतारा कर्नलसाहेबांनी आपल्या इमारतीच्या दालनात कोरून घेतला.

पुढे लुईझियाना राज्यात सिनेटर ह्युई लाँग यांच्या प्रभावाखालील सरकारने मोठ्या खपाच्या वृत्तपत्रांच्या जाहिरातींवर विशेष कर बसवला. तो कर टीकाकारांना धडा शिकवण्यासाठी होता. त्याविरुद्धच्या लढ्यातही ही समिती उभी राहिली आणि १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो कर रद्द केला.

आपल्याच तत्त्वाची कसोटी

या लढ्यांच्या तेजात मॅकॉर्मिक यांची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य ठरणार नाही. त्यांचे वृत्तपत्र बातमी आणि मत यांतील रेषा फारशी पाळत नसे. रूझवेल्ट यांच्या आर्थिक धोरणांवर ट्रिब्यूनने जे आसूड ओढले, त्यांत विवेकापेक्षा वैर अधिक होते. मालकाच्या आवडीनिवडी पहिल्या पानावर उतरत. इंग्रजी शब्दांचे स्पेलिंगसुद्धा त्यातून सुटले नाही. १९३४ पासून ट्रिब्यूनने कित्येक शब्द उच्चारानुसार लिहिण्याची स्वतःची पद्धत लागू केली आणि वाचकांनी ती निमूटपणे सोसली.

ट्रिब्यूनच्या प्रतिष्ठेला त्याआधी एक जबर धक्का बसला होता. जून १९३० मध्ये त्यांचा गुन्हे वार्ताहर जेक लिंगल याची शिकागोत भरदिवसा गोळी घालून हत्या झाली. वृत्तपत्राने त्याला प्रथम कर्तव्यावर बळी पडलेला वीर मानले आणि मारेकऱ्याचा माग देणाऱ्यास मोठे इनाम जाहीर केले. काही दिवसांतच उघड झाले की आठवड्याला ६५ डॉलर पगार घेणारा हा वार्ताहर श्रीमंतासारखा राहत होता आणि अल कपोनच्या टोळीशी त्याची जवळीक होती. सत्तेचे साटेलोटे उघड करणाऱ्यांच्या घरातच ते निघाले. वृत्तपत्राला ही नामुष्की आपल्याच रकान्यांतून मान्य करावी लागली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने पडू नये, असा मॅकॉर्मिक यांचा ठाम आग्रह होता. ४ डिसेंबर १९४१ रोजी ट्रिब्यूनने अमेरिकेच्या गुप्त युद्धयोजनेचा तपशील पहिल्या पानावर छापला. तीनच दिवसांनी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि वाद मागे पडला. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईनंतर मात्र अधिक गंभीर प्रसंग उद्भवला. जपानी आरमाराच्या हालचाली अमेरिकेला आधीच कळल्या होत्या, असे सुचवणारी बातमी ट्रिब्यूनने छापली. शत्रूची सांकेतिक लिपी फोडली गेल्याचे गुपित त्यातून फुटण्याचा धोका होता. सरकारने कारवाई सुरू केली, परंतु गुपित आणखी उघडे पडू नये म्हणून आरमाराने पुरावे देण्याचे टाळले आणि ग्रँड ज्युरींनी आरोप ठेवण्यास नकार दिला. स्वातंत्र्याची मर्यादा कोठे येते, या प्रश्नाने त्या वेळी कर्नलसाहेबांचे स्वतःचे दार ठोठावले होते.

वृत्तसंस्थांच्या इतिहासात नोंद राहील असा प्रसंग याच काळातला आहे. ४ डिसेंबर १९४१ रोजीच शिकागोत मार्शल फील्ड यांनी शिकागो सन हे प्रतिस्पर्धी दैनिक सुरू केले. त्यांनी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेकडे सदस्यत्व मागितले. संस्थेच्या नियमांनुसार, ज्या शहरात आधीपासून सदस्य असेल तेथील नव्या स्पर्धकाला प्रवेश मिळणे जवळपास अशक्य होते आणि शिकागोतील सदस्य होता ट्रिब्यून. सदस्यत्व नाकारले गेले. सरकार न्यायालयात गेले. १९४५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नियम बेकायदा ठरवले. शासनाच्या हस्तक्षेपापासून वृत्तपत्रांना मिळणारे संरक्षण हे खासगी मक्तेदारीला बातम्यांची वाट अडवण्यासाठी वापरता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. एका क्षुल्लक साप्ताहिकाच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात जाणारा प्रकाशक आता त्याच न्यायालयात दुसऱ्या बाजूला उभा राहिलेला देशाने पाहिला.

चुकलेला मथळा

१९४८च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे थॉमस ड्यूई सहज जिंकणार, असे बहुतेकांना वाटत होते. ट्रिब्यूनला तर त्याची खात्रीच होती. खिळेजुळाऱ्यांचा संप सुरू असल्याने छपाईची पर्यायी, पण संथ पद्धत वापरावी लागत होती आणि पाने नेहमीपेक्षा लवकर सोडावी लागत. मतमोजणी चालू असतानाच ड्यूई यांनी हॅरी ट्रुमन यांचा पराभव केल्याचा ठसठशीत मथळा छापून सुमारे दीड लाख अंक बाहेर पडले. विजय ट्रुमन यांचा झाला. सेंट लुईस स्थानकावर रेल्वेच्या डब्यात उभे राहून तोच अंक दोन्ही हातांनी उंचावणाऱ्या हसतमुख ट्रुमन यांचे छायाचित्र पत्रकारितेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परिचित आहे. आपल्याला हवी असलेली बातमी आणि घडलेली बातमी यांतील अंतर विसरणाऱ्यांना ते छायाचित्र आजही सावध करते.

मॅकॉर्मिक यांचे पुढील दिवस एकाकीपणात गेले. पहिल्या पत्नीचे निधन १९३९ मध्ये झाले होते. १९४४ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला, परंतु त्यांना अपत्य नव्हते. पॅटरसन १९४६ मध्ये निवर्तले. १ एप्रिल १९५५ रोजी काँतिन्यी येथील वाड्यात वयाच्या ७४व्या वर्षी कर्नल मॅकॉर्मिक यांची प्राणज्योत मालवली. त्यांच्या इच्छेप्रमाणे पहिल्या महायुद्धातील गणवेशात त्यांचे दफन करण्यात आले. संपत्तीचा बहुतांश भाग धर्मादाय निधीला गेला आणि त्यांची वाडी उद्यान व संग्रहालय म्हणून सर्वांसाठी खुली झाली.

मुंबईच्या एका साप्ताहिकापर्यंत

ज्या १९३१च्या निकालासाठी मॅकॉर्मिक यांनी पैसा आणि प्रतिष्ठा पणाला लावली, तो त्यांच्या हयातीतच भारतात पोहोचला. मुंबईहून रोमेश थापर क्रॉस रोड्स हे इंग्रजी साप्ताहिक चालवत. मार्च १९५० मध्ये मद्रास सरकारने सार्वजनिक सुव्यवस्थेचे कारण देऊन या साप्ताहिकाला आपल्या प्रांतात प्रवेशबंदी केली. भारताची राज्यघटना अमलात येऊन तेव्हा जेमतेम महिना उलटला होता. थापर थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २६ मे १९५० रोजी न्यायालयाने बहुमताने ही बंदी रद्द केली. न्यायमूर्ती पतंजली शास्त्री यांनी निकालपत्रात जेम्स मॅडिसन यांच्या विचारांचा आधार घेतला. स्वातंत्र्याच्या झाडाची काही रोगट पाने सहन करावी, पण छाटणीच्या नादात सकस फळांना मुकू नये, असा त्यांचा भाव होता. हे विचार मिनेसोटाच्या खटल्यातील निकालातून घेतल्याची नोंदही तेथे आहे. पुढील वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी निर्बंध घालण्याची तरतूद झाली आणि चर्चेला नवे वळण मिळाले. तरीही स्वतंत्र भारतातील मुद्रणस्वातंत्र्याचा विचार आजही या निकालापासूनच सुरू होतो.

मिनियापोलिसचे बदनाम साप्ताहिक, शिकागोचा अहंकारी प्रकाशक आणि मुंबईचे डाव्या विचारांचे पत्र यांच्यात मतांचे साम्य शोधूनही सापडणार नाही. मॅकॉर्मिक यांनी क्रॉस रोड्सचा एखादा अंक वाचला असता, तर संतापाने दूर भिरकावला असता, असे मानायला पुष्कळ जागा आहे. पण ज्याची मते आपल्याला मान्य नाहीत त्याच्याही छापखान्याला कुलूप लागू नये, या एका आग्रहाने तिघांना एका सूत्रात बांधले. या आग्रहाला मॅकॉर्मिक स्वतः नेहमी जागले नाहीत. त्यांनी ज्यासाठी झगडा केला ते तत्त्व मात्र त्यांच्या वागण्यावर अवलंबून राहिले नाही.

१९८९ मध्ये शिकागो शहराने ट्रिब्यून टॉवरला वारसा वास्तूचा दर्जा दिला. २०१६ मध्ये इमारतीची विक्री झाली आणि २०१८च्या जून महिन्यात शिकागो ट्रिब्यूनने तेथून आपला मुक्काम हलवला. जेथे वार्ताहरांच्या यंत्रांचा खडखडाट चाले, तेथे आता श्रीमंतांची घरे आहेत. दर्शनी भिंतीत ताजमहालाचा तुकडा आपल्या जागी आहे. तो दगड आग्र्याहून शिकागोला गेला; आणि त्याच इमारतीतून बळ मिळालेल्या एका निकालाचे शब्द उलट वाटेने भारतात आले.